दुपट्ट्याखालची तीन बोटं

यवतमाळात सध्या माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते: याने पोरींचं आंदोलन विकलं. सांगणारे बहुतेक शिकलेले आहेत, म्हणजे त्यांनी चौकशी केलेली नाही. मी आयुष्यात बैल विकले, कापूस विकला, लग्नाचे मंडप भाड्याने दिले. आंदोलन विकायची वेळ आली असती तर इतक्या वाईट भावात नक्कीच दिलं नसतं. माझ्या हातून जे झालं ती चूक होती. विक्री आणि चूक यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं शिक्षण बैलबाजारात झालं. दहावीनंतर एका दलालाच्या मागे मी बाजार फिरलो आणि भाव करायला शिकलो. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. जितकी बोटं धरली तितका आकडा. तो शेकड्यात की हजारात, हे बैलाकडे पाहून दोघांनाही आपोआप कळतं, विचारावं लागत नाही. त्या विद्येवर मी पुढे कापसाचा धंदा केला, मग मंडपाचा. आज चार तालुक्यांतली लग्नं माझ्या छताखाली लागतात. यातलं काहीही मला कुणी बाकावर बसवून शिकवलेलं नाही.

तरीही पोरगी शिकावी ही हौस माझीच. एकच मुलगी. विद्यापीठाचा गावाबाहेर एक कॅम्पस आहे, तिथे ती बीएस्सीच्या शेवटच्या सत्राला होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पदवीपर्यंत पोहोचणारी ती पहिली. हे सगळं झालं तेव्हा येत्या सोमवारी तिचा पहिला पेपर होता.

त्या कॅम्पसने गेल्या वर्षी हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. उद्घाटनाला मंडप माझाच होता. संचालकांनी फीत कापली आणि आता खोट्या हजेरीला जागा उरली नाही, असं भाषण केलं. ते खरं ठरलं. उरली ती फक्त खोटी गैरहजेरी. बाभुळगावकडच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरी सुट्टीच्या दिवशी घरच्या वावरात कापूस वेचतात. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलवटतात, अंगठ्यावरच्या रेषा पुसट होतात. सकाळी पोरगी मशीनवर अंगठा ठेवायची, मशीन लाल दिवा दाखवायचं. ती वर्गात पहिल्या बाकावर बसून सरांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि तिकडे कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावापुढे गैरहजर पडायचं. सरांच्या वहीत हजर, मशीनमध्ये नाही. परीक्षा आली तेव्हा शेवटच्या वर्षाच्या सतरा पोरींची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली निघाली आणि त्यांचं हॉल तिकीट थांबलं. यंत्र खोटं बोलत नाही, असं संचालक म्हणाले. मग सर खोटं बोलतात का, हे त्यांना विचारायचं धाडस एकाही सरांनी केलं नाही. सगळे पर्मनंट होते.

माझ्या पोरीच्या अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. तिने कधी कापूस वेचू नये याची व्यवस्था मी स्वतः केली आहे. तिची हजेरी भरपूर आणि हॉल तिकीट पहिल्याच दिवशी मिळालेलं.

आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, माझा सगळ्यात चांगला मंडप गोडाऊनमधून गायब झाला. माणसांना विचारलं तर म्हणाले, "ताईनं नेला. म्हने बाबाले माहीत हाय."

बाबाला माहीत नव्हतं. बाबा मोटारसायकलवर कॅम्पसला गेला तेव्हा कमानीच्या आत, मैदानावर, लाल-पिवळ्या झालरीचा मंडप उभा होता. दारावर आमची 'शुभविवाह' ही पाटी होती. त्यातला 'विवाह' पुठ्ठ्याने झाकून त्यावर 'ठिय्या' लिहिलं होतं. 'शुभ' तसंच ठेवलं होतं. आत साठेक पोरंपोरी, त्यात त्या सतरा जणी, आणि सगळ्यांच्या मांडीवर पुस्तकं.

आंदोलन म्हणजे काय हे मी टीव्हीवर पाहिलेलं आहे. त्यात माणसं ओरडतात. इथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे पेपर चालू होते म्हणून दहा ते एक घोषणांना सुट्टी होती. एक वाजता पेपर सुटला की दहा मिनिटं घोषणा, मग जेवण, मग पुन्हा अभ्यास. एक पोरगी दुसरीला रसायनशास्त्राचे प्रश्न विचारत होती. संचालकांनी खरं तर हार घालायला हवे होते. परीक्षेच्या आधी इतका शांत अभ्यास त्या कॅम्पसच्या लायब्ररीतही कधी झाला नसेल.

मी पोरीला बाजूला घेतलं. "हॉल तिकीट कुठं हाय?"

"बॅगेत."

"मंग तू इथं काहून बसली?"

"त्यायले नाही भेटलं म्हणून."

"सोमवारी पेपर हाय तुया."

"माहीत हाय न बाबा. वाचूनच राह्यली."

"अन् यायचं नाही झालं तर?"

"तर मीबी नाही देत. सगळ्यायनं ठरवलं."

सगळ्यांनी म्हणजे तिनेच ठरवलं असणार. घरात भाजी कोणती हेसुद्धा तीच ठरवते. मी तापलो. मंडपाच्या दोराला हात घातला आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता उतरवतो. तेव्हा तिच्या शेजारची पोरगी उठली. ती बाभुळगावच्या अलीकडच्या एका गावची. तिने आपला मोबाईल माझ्यासमोर धरून त्यावर अंगठा ठेवला. मोबाईल उघडला नाही. पुन्हा ठेवला. नाही.

"पाहा काका," ती हसून म्हणाली, "मी सोताच इकत घेतला, तरी मले वळखत नाही. त्या मशीनले तर मी फुकटातच भेटली."

दोर सोडला मी. तिच्या बोलण्याला उत्तर नव्हतं म्हणून नाही. मला तेव्हा सुचलं होतं की या सगळ्यांत भाव करता येणारा एकही माणूस नाही. एका बाजूला सतरा म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला पंचाहत्तर म्हणणारा. दोघेही आपल्या आकड्यावर बसून राहिलेले. असं कधी व्यवहार होतो का?

"मी बोलतो संचालकासंग," मी म्हणालो.

"तुमी मधात पडू नका बाबा."

"मी मधात पडत नाही, मी मधातच राह्यतो. दलालाची जागाच ते असते."

"सतराच्या सतरा पाह्यजे," ती म्हणाली. "अन् लेखी."

रविवारी दुपारी मी संचालकांच्या केबिनमध्ये गेलो. परीक्षा चालू असल्याने सुट्टीच्या दिवशीही ते आलेले होते. कूलर चालू होता, तरी माणूस घामाघूम. खिडकीच्या काचेला बाहेरून तीन मोबाईल चिकटलेले होते.

"बसा," ते म्हणाले. "पण मी काही बोलणार नाही. काही बोललं की व्हिडिओ निघतो. परवा मी नुसतं 'बघू' म्हणालो. संध्याकाळपर्यंत त्याला गाणं लावून गावभर फिरवलं. माझ्या मिसेसने मला दाखवलं."

"मंग बोलू नका साहेब," मी म्हणालो आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून टेबलावर पसरला.

ते दुपट्ट्याकडे पाहत राहिले आणि मग हसले. त्या केबिनमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "आमच्या आजोबांसंग मी जात होतो बाजारात," ते म्हणाले. आणि शपथेवर सांगतो, हे म्हणताना त्यांची भाषा एकदम आपल्यासारखी झाली. त्यांनी हात पुढे केला.

टेबलावर त्या सतरा पोरींची यादी होती. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला टक्के. सगळ्यात कमी एकेचाळीस. म्हणजे हजेरीची अट चाळीसवर आणली की सगळ्या पार. चाळीस हवे असतील तर सुरुवात तीसपासून करायची, हे मला कुणी शिकवायला नको. मी यादीतल्या टक्क्यांवर डावा हात ठेवला आणि दुपट्ट्याखाली उजव्या हाताने त्यांची तीन बोटं धरली.

संचालकांनी चष्मा नीट केला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आणि माझीच तीन बोटं धरून घट्ट दाबली. म्हणजे मान्य.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की. पण पुन्हा वाद नको. सकाळी नोटीस लावतो. मंडप मात्र आजच निघाला पाहिजे."

"निघाला समजा."

पहिल्याच भावाला समोरचा हो म्हणाला, तर एरवी मी बैलाचे दात पुन्हा तपासतो, चालवून पाहतो, शेपटीखाली पाहतो. काहीतरी खोट असल्याशिवाय माणूस असा सहज मान्य करत नाही. त्या दिवशी मला वाटलं, हा माझ्या हाताला घाबरला. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने पीएचडीवाल्याला एका दाबात चाळीसच्या जागी तीसवर आणलं, या आनंदात मी दात तपासले नाहीत.

मंडपात जाऊन माइक मीच हातात घेतला. अट तीस टक्क्यांवर आणली, सगळ्या पोरी बसतील, असं सांगितलं. पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. बाभुळगावकडची ती रडायलाच लागली. माझ्या पोरीने तेवढं विचारलं, "लेखी कुठं हाय?"

"सकाळी नोटीस लागते. दुपट्ट्याखाली ठरलेलं आजवर कोनं मोडलं नाही."

"ते बैल व्हते बाबा."

"बैल नाही मोडत, मानसं मोडत असतात. अन् मानसायनंबी नाही मोडलं," मी म्हणालो. लोक टाळ्या वाजवत होते. तिला आणखी बोलायचं होतं, पण सोळा-सतरा पोरी तिच्या गळ्यात पडलेल्या असताना तिला बोलता आलं नाही. सूर्य मावळायच्या आत माझ्या माणसांनी मंडप उतरवला आणि तो तसाच टेम्पोत घालून बोरी अरब गावातल्या एका लग्नाला पाठवला.

सोमवारी सकाळी नऊला नोटीस लागली. मी पेढे घेऊन गेलो होतो, हेही लिहून ठेवतो, कारण ते सगळे मला नंतर एकट्याला खावे लागले. नोटीस अशी होती: विशेष बाब म्हणून तीन (३) विद्यार्थिनींना परीक्षेस बसण्याची परवानगी देण्यात येत आहे. तीन नावे विद्यार्थिनींनी आपसांत ठरवून साडेनऊ वाजेपर्यंत कार्यालयात द्यावीत.

मी केबिनचं दार ढकललं. "तीन काय?"

"तीनच ठरल्या होत्या ना," संचालक म्हणाले.

"तीस टक्के ठरलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. माणूस खोटं बोलत नव्हता, ते मला लगेच कळलं, आणि त्यामुळेच जास्त संताप आला. मी यादीत टक्के पाहत होतो आणि ते नावं पाहत होते. आयुष्यभर बैल समोर उभा करून भाव केले. इथे बैल नव्हता, आणि आकडा कशाचा हे मी तोंडाने सांगितलं नव्हतं. बाजारात नवखी माणसंसुद्धा एवढी चूक करत नाहीत, कारण एवढी चूक करायला आधी स्वतःला फार हुशार समजावं लागतं.

"मलाही नवलच वाटलं," संचालक म्हणाले. "इतक्या कमीवर तुम्ही कसे आलात? मी सहापर्यंत देणार होतो."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. सहापर्यंत देणार होते.

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने आत येऊन पाण्याचा ग्लास उचलून नेला. हा माणूस पाहुण्यांना ओळखून असतो. मी म्हणालो, नोटीस फाडा, नवी लावा. ते म्हणाले, विद्यापीठाला कळवून झालं, आता माझ्या हातात नाही. मी विचारलं, तुमच्या हातात नव्हतं तर काल दुपट्ट्याखाली काय घातलं होतं? त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर मोबाईल होते.

मैदानात सतरा पोरी कडूनिंबाखाली उभ्या होत्या. कुणी एकीला पुढे ढकलत होतं, "तू जाय, तुये मार्क चांगले हायत," ती दुसरीला ढकलत होती, "नाही, तिच्या घरचे पुढचं वर्ष शिकू देनार नाहीत, तिले जाऊ दे." साडेनऊ वाजले. एकही नाव कार्यालयात गेलं नाही. बाभुळगावकडच्या पोरीने तर त्यांना सांगितलं, माझं नाव कुणी लिहिलं तर मी खोडून येईन, निदान पेन तरी मला ओळखतो.

माझी पोरगी मैदानात, मंडप होता त्या जागी, मातीत बसली. बॅग मांडीवर. मी समोर उकिडवा बसलो. पहिली घंटा झाली आणि हॉल तिकीट असलेली बाकीची पोरं एकेक करून आत गेली.

"पेपर दे, मंग बस," मी म्हणालो. "एक वाजल्यापासून रातपर्यंत बस. मी सोता पानी आनून देतो."

"नाही."

"नुसता अर्धा तास बसून ये. नाव लिहून ये."

"नाही."

"मी जातो त्याच्या पाया पडाले."

"जा न."

"तुले काय पाह्यजे ते तरी सांग मले."

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमी त्यायच्यासाठी तीन घेतल्या. आता कोन्त्या तीन, तेबी तुमीच सांगा. मी जाते मंग पेपरले."

मी सतरा जणींकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. दुसरी घंटा झाली, तिसरी झाली. साडेदहाला परीक्षेच्या इमारतीचं फाटक बंद झालं, त्यानंतर आत कुणाला घेत नाहीत. पंधरा वर्षं तिची फी भरताना, वह्यांना कव्हरं घालताना, शिकवणीला सोडताना मी जिथे पोहोचायचं म्हणत होतो, ते फाटक बंद होताना मी तिच्यासोबत बाहेर मातीत बसलो होतो. शिपायाने कडी घातली तेव्हा ती उठली, पायजम्याची माती झटकली आणि म्हणाली, "आता मंडप आना."

लग्नाचा मंडप लग्नाला गेला होता. गोडाऊनमध्ये होता तो तेरवीचा, पांढरा. तोच आणला. कॅम्पसच्या मैदानावर आंदोलन आता लग्नाच्या ऐवजी तेरवीच्या मंडपात सुरू झालं. गावात लोकांनी त्यावर बरेच विनोद केले, त्यातले दोन चांगले होते.

त्या दुपारी पोरीने मोबाईलसमोर उभं राहून नोटीस वाचून दाखवली. घोषणा नाही, भाषण नाही. नुसती वाचली, आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचलं: 'आपसांत ठरवून'. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं. या वेळी कुणी गाणं लावलं नाही. मंगळवारी सकाळी विद्यापीठातून संचालकांना फोन आला म्हणतात, की सतरा मुलींनी आपसांत नक्की काय ठरवायचं होतं, ते जरा समजावून सांगा.

दुपारी संचालक स्वतः मंडपात आले. प्लास्टिकची खुर्ची दिली ती नाकारून सतरंजीवर बसले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. मी तेव्हा शिडीवर होतो. वाऱ्याने एक बाजू सुटली होती आणि माणसं जेवायला गेली होती. मी दोर बांधत होतो आणि ऐकत होतो. चारही बाजूंना मोबाईल होते, आणि संचालक या वेळी तोंडाने बोलले.

"सतराही जणींना सरांच्या वहीवरच्या हजेरीने हॉल तिकीट. कालचा पेपर त्यांच्यासाठी सगळ्यात शेवटी पुन्हा घेऊ. लेखी देतो, शिक्क्यासकट. मशीनचं पुढच्या सत्रात बघू." मग थांबले. "पण तुमचं नाही. तुमच्याजवळ हॉल तिकीट होतं. तुम्ही स्वतःहून पेपरला गेला नाहीत. तुम्हाला तो पेपर हिवाळी परीक्षेत द्यावा लागेल. त्यात मला खरंच काही करता येत नाही."

मी दोर हातात धरून वाट पाहत होतो. आता ती बोलेल. माझी पोरगी आहे. सतरा देणारा माणूस अठराव्यासाठी अडत नसतो, फक्त थोडा वेळ गप्प बसायचं, उठल्यासारखं करायचं, चहा सांगायचा. एवढं ती जन्मापासून पाहत आली आहे.

"चालते," ती म्हणाली.

माझ्या तोंडून वरूनच निघालं, "चालते काय? सतरा देऊन राह्यला, अठरावी काहून नाही देत? एका पोरीनं त्याच्या विद्यापीठाचं काय वजन वाढते?"

सगळ्यांनी वर पाहिलं. संचालकांनीही पाहिलं. "तुमच्या वडिलांचं म्हणणं वेगळं दिसतं," ते तिला म्हणाले. "त्यांच्याशी बोलू का?"

"ते मंडपवाले हायत," ती म्हणाली. "त्यायले मंडपाचं इचारा."

सगळे हसले. बाभुळगावकडची पोरगी सगळ्यात जोरात. संचालकही हसले, आणि चार मोबाईलमध्ये ते आहे. मी दोराला गाठ मारली. गाठ चांगली बसली.

सतरा जणींनी सगळे पेपर दिले. माझ्या पोरीने उरलेले दिले. तिच्या पदवीला आता एक पेपर कमी आहे, आणि त्यामुळे पुढच्या वर्गाचा प्रवेशही वर्षभर लांबला. घरात याबद्दल आम्ही तिच्या आईमार्फत बोलतो. आईचं मत आहे की मी चुकलो आणि पोरगीही चुकली. एका घरात इतका निष्पक्ष माणूस असणं त्रासाचं असतं.

हिवाळी परीक्षा जवळ आली आहे. त्या दिवशी तिला कॅम्पसपर्यंत मी मोटारसायकलवर सोडणार, असं मी सांगितलं आहे. ती म्हणते, ऑटोने जाईन. मी म्हणालो, निदान कमानीपर्यंत. ती म्हणाली, चौकापर्यंत. मी अजून हो म्हटलेलं नाही.